इकॉनॉमिक्समध्ये चौथं वर्ष रिसर्चचं करायचंय? मग आधी हे वाचून घ्या

तिसरं वर्ष संपत आलं की पोरंपोरी एकच प्रश्न घेऊन येतात, मॅडम चौथं वर्ष करू की तीन वर्षांवर डिग्री घेऊन सरळ एमएला जाऊ. मी अशा प्रकल्पांना गाईड करते, त्यामुळे यावर जरा सविस्तरच लिहिते.

आधी नियम. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी डिग्री घेऊन बाहेर पडता येतं. चौथं वर्ष केलं की ऑनर्स, आणि तिथे दोन वाटा फुटतात. एक नुसतं ऑनर्स, ज्यात रिसर्चच्या ऐवजी जास्तीचे पेपर असतात, आणि दुसरं ऑनर्स विथ रिसर्च, ज्यात यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यानुसार १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प एका गाईडच्या हाताखाली करायचा असतो. या दुसऱ्या वाटेसाठी पहिल्या सहा सेमिस्टरचे मिळून ७५ टक्के लागतात. म्हणजे हा निर्णय तिसऱ्या वर्षाच्या शेवटी घ्यायचा असला तरी त्याची तयारी पहिल्या सेमिस्टरच्या मार्कांपासूनच सुरू झालेली असते, हे एफवायच्या मुलांना कुणी सांगत नाही म्हणून इथे सांगते. महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांत हे धोरण २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झालंय, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी चौथ्या वर्षाची घडी अजून बसतेय. आपल्या कॉलेजात रिसर्चवालं चौथं वर्ष आहे का, इकॉनॉमिक्ससाठी किती जागा आहेत, गाईड कोण कोण आहेत, हे पाचव्या सेमिस्टरलाच डिपार्टमेंटमध्ये जाऊन विचारा, सिनियरकडून ऐकलेल्यावर राहू नका.

एक वर्ष वाया जाईल ही भीती घरून जास्त असते. हिशोब साधा आहे, तीन अधिक दोन केलं तरी पाच आणि चार अधिक एक केलं तरी पाच, कारण चार वर्षांच्या डिग्रीनंतर एमए एका वर्षात करायची सोय धोरणात आहे. फक्त ज्या विद्यापीठात जायचंय तिथे एक वर्षाचा एमए सुरू आहे का ते बघून घ्या. चार वर्षांच्या डिग्रीत ७५ टक्के असतील तर यूजीसीच्या नियमाप्रमाणे थेट पीएचडीच्या प्रवेशासाठी पात्र होता येतं, राखीव प्रवर्गांना, दिव्यांगांना आणि ईडब्ल्यूएसला पाच टक्क्यांची सवलत आहे, आणि २०२४ पासून नेट या प्राध्यापक पात्रता परीक्षेलाही याच अटीवर बसता येतं. पण ज्यांच्या डोक्यात इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस आहे त्यांनी लक्षात ठेवा की तिथे पदव्युत्तर पदवीच लागते, चौथ्या वर्षावर भागत नाही.

मग करावं कुणी? ज्याला एका प्रश्नामागे आठ-नऊ महिने लागायला आवडेल त्याने. ज्याला परीक्षेत भरपूर मार्क पडतात पण पुस्तकात लिहिलंय म्हणून उत्तर बरोबर, एवढ्यावर समाधान होतं, त्याला हे वर्ष फार जड जातं. ज्याला स्पर्धा परीक्षेची तयारी जोडीने करायचीय त्याने नुसतं ऑनर्स घ्यावं किंवा तीन वर्षांवर थांबावं, यात कमीपणा काहीच नाही. रिसर्चचं वर्ष अर्ध्या मनाने केलं तर मुलाचे हाल होतात आणि गाईडचेही.

तिसऱ्या वर्षात काय उरकून ठेवायचं

एक सॉफ्टवेअर. एकच, पण हात बसेल इतकं. आर (R) फुकट आहे आणि स्वतःच्या लॅपटॉपवर चालतं म्हणून मी तेच सांगते, कॉलेजकडे स्टाटाचं लायसन्स असेल आणि गाईड स्टाटावाले असतील तर स्टाटा घ्या, कारण अडल्यावर विचारायला माणूस जवळ असणं फार मोलाचं असतं. पायथनही चालतं. एक्सेलमध्ये सगळा प्रकल्प करायच्या फंदात मात्र पडू नका, लाखभर ओळींच्या सर्व्हेत कुठल्या सेलमध्ये काय बदललं ते तुमचं तुम्हालाच नंतर सांगता येणार नाही. शिकायचं काय तर दोन फाईली एका कोडवर जोडणं, गटवार सरासरी काढणं, रुंद टेबल लांब करणं (म्हणजे रकान्यांच्या ओळी करणं), आलेख काढणं आणि रिग्रेशन चालवणं, म्हणजे एक गोष्ट बदलली की दुसरी सरासरी किती बदलते ते आकड्यांतून काढणं. एवढं सहाव्या सेमिस्टरच्या सुट्टीत जमवलं की सातव्याला निम्मं ओझं हलकं होतं.

इकॉनोमेट्रिक्सचा, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक संबंध तपासायच्या शास्त्राचा पेपर पर्यायी असेल तर तो घ्याच. आणि गणित सोडलं असेल तर निदान डिफरन्शिएशन, मॅट्रिक्स आणि प्रोबॅबिलिटी परत काढा, पुढे आयएसआय (भारतीय सांख्यिकी संस्था) किंवा जॅम (आयआयटीतल्या एमएस्सीसाठीची) या प्रवेश परीक्षांनाही तेच लागतं.

गाईड कसा मिळवायचा

गाईड मिळवायला "मॅडम मला तुमच्याकडे प्रोजेक्ट करायचाय" एवढं बोलून भागत नाही. समोरच्याला कळायला हवं की तुम्हाला कशात रस आहे आणि तुम्ही किती विचार करून आलात. ज्यांच्याकडे जायचंय त्यांचा एखादा पेपर वाचा, निदान त्यांचा विषय शेती आहे, श्रम आहे, बँकिंग आहे की पब्लिक फायनान्स, ते माहीत करून घ्या. मग मेल टाका, छोटा. असा काहीतरी:

"नमस्कार मॅडम, मी टीवायला आहे, इकॉनोमेट्रिक्सचा पेपर केलाय आणि आरमध्ये बेसिक काम जमतं. मला कांद्याच्या निर्यात धोरणाचा शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावावर काय परिणाम होतो यावर काम करायची इच्छा आहे. पणन मंडळाच्या साईटवर बाजार समितीनिहाय रोजचे दर मिळतात ते मी बघितलेत. पंधरा मिनिटं वेळ मिळाला तर प्रश्न नेमका कसा करावा ते विचारायचं होतं."

बस, एवढंच. या मेलमध्ये विषय आहे, डेटा बघितल्याचा पुरावा आहे आणि मागणी पंधरा मिनिटांची आहे. असा मेल आला की माणूस वेळ काढतो. पहिल्या भेटीतच ठरवून घ्या की दर आठवड्याला भेटायचं की पंधरा दिवसांनी, आणि प्रत्येक भेटीआधी अर्धं पान लिहून पाठवा: काय केलं, कुठे अडलं, पुढे काय. गाईड कामात असतात, विसरतात, सेमिस्टर संपत आलं की पेपर तपासणीत बुडालेले असतात, त्यामुळे पाठपुरावा तुम्हीच करायचा असतो. चिकाटीने आणि आदराने आठवण केली की कुणाला राग येत नाही.

प्रश्न, प्रश्न आणि प्रश्न

आता मुख्य मुद्दा, आणि यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण माझ्या अनुभवात या वर्षाचं यश ऐंशी टक्के इथेच ठरतं. मुलं विषय घेऊन येतात, प्रश्न घेऊन येत नाहीत. "महाराष्ट्रातील शेती समस्या", "महिला सक्षमीकरण आणि बचत गट", "जीएसटीचा भारतीय अर्थव्यवस्थेवर परिणाम" हे सगळे विषय झाले. प्रश्नाला शेवटी प्रश्नचिन्ह असतं आणि त्याचं उत्तर हो, नाही किंवा एखादा आकडा असू शकतं.

वरचं कांद्याचंच उदाहरण घेऊन दाखवते. "निर्यात धोरण आणि कांदा उत्पादक" हा विषय झाला. यातून प्रश्न काढायचा तर आधी काय घडलं ते तारखांसकट मांडा. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य लागलं, ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी आली आणि ती मे २०२४ च्या सुरुवातीला उठली, तीही ४० टक्के शुल्क आणि ५५० डॉलरचं किमान मूल्य ठेवून. आता प्रश्न असा होऊ शकतो: बंदीनंतर लासलगावला क्विंटलमागे भाव किती पडला, आणि त्याच काळात शहरात किरकोळ भाव किती पडला आणि किती दिवसांनी? म्हणजे बाजार समितीतली घसरण गिऱ्हाइकापर्यंत पोचली का मध्येच मुरली. हा प्रश्न छोटा आहे, दोन डेटा लागतात आणि दोन्ही मिळतात. बाजार समितीचे रोजचे दर राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या साईटवर आणि केंद्राच्या अ‍ॅगमार्कनेटवर, किरकोळ भाव केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे शहरवार.

डेटा हातात आला की खरी मजा सुरू होते. पणन मंडळाच्या टेबलात आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असतो, शिवाय जात लिहिलेली असते, लाल, उन्हाळी, पोळ वगैरे. डिसेंबरात लासलगावला लाल कांदा येतो आणि उन्हाळी एप्रिलपासून, दोन्हीचा टिकाऊपणा वेगळा, भाव वेगळा. जात न बघता सगळे दर एकात मिसळले तर बंदीचा परिणाम म्हणून तुम्ही जे दाखवाल त्यात निम्मा परिणाम कांदा बदलल्याचा असेल. दुसरं, डिसेंबर-जानेवारीत लाल कांद्याची आवक वाढते म्हणून बंदी नसतानाही भाव उतरतो, त्यामुळे आधीच्या काही वर्षांचे तेच महिने तुलनेला घ्यावे लागतात. तिसरं, बंदीच्या आधीच शुल्क आणि किमान मूल्य लागू होतं, म्हणजे तुमचा "आधीचा काळ" स्वच्छ नाही, हे प्रबंधात कबूल करून त्याचं काय केलं ते लिहायचं. आणि चौथं माझ्या विशेष आवडीचं: भाव पडला की लिलाव बंद पाडले जातात, त्या दिवशी टेबलात ओळच नसते. रविवारच्या सुट्टीमुळे डेटा नसणं वेगळं आणि भाव कोसळला म्हणून डेटा नसणं वेगळं, दुसऱ्या प्रकारात जे दिवस गायब आहेत तेच सगळ्यात वाईट दिवस असू शकतात, मग सरासरी आहे त्यापेक्षा चांगली दिसते. हे एका बीएच्या विद्यार्थ्याने ओळखून लिहिलं तर परीक्षक खुर्चीत सरसावून बसतो, त्याला अवघड मॉडेलची गरज नसते. आणि हो, क्विंटल आणि किलो एकाच एककात आणा, हे सांगायला नको पण सांगते.

प्रश्न ठरला का ते तपासायला मी तीन गोष्टी विचारते. उत्तर "नाही" आलं तरी ते सांगण्यासारखं आहे का? डेटा आज, आत्ता डाउनलोड करून दाखवता येतो का? आणि इकॉनॉमिक्स न शिकलेल्या घरच्या माणसाला दोन वाक्यांत सांगता येतो का? तिन्हीला हो असेल तर पुढे चला, एकाला जरी नाही असेल तरी अजून आठवडाभर प्रश्नावरच बसा.

डेटा कुठून आणायचा

आपल्याकडे डेटा नाही असं म्हणायची सवय आहे, पण बीएच्या प्रकल्पाला पुरून उरेल एवढा डेटा फुकट पडलाय. सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर नाव नोंदवलं की पीएलएफएस म्हणजे श्रमशक्तीचा सर्व्हे, घरगुती उपभोग खर्चाचा सर्व्हे, कारखान्यांचा वार्षिक सर्व्हे, हे सगळं एकेका घराच्या, माणसाच्या किंवा कारखान्याच्या पातळीवर मिळतं. आरबीआयच्या साईटवर बँकिंग, किंमती, राज्यांचे अर्थसंकल्प यांच्या लांबलचक मालिका आहेत. इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेचा जिल्हावार शेतीचा डेटाबेस आहे, जिल्ह्याच्या पातळीवर पिकांचं काम करायचं तर उत्तम.

पीएलएफएसचं जरा जास्त सांगते कारण निम्मी मुलं शेवटी तिथेच येतात. १५ वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांचं प्रमाण, २०१७-१८ ला २३.३ टक्के होता तो २०२३-२४ ला ४१.७ वर गेला. एवढी मोठी वाढ, आणि त्यावर वाद चालू आहे की हे रोजगार खरे किती. इथे सुंदर प्रश्न दडलाय. सर्व्हेत प्रत्येक माणसाला कामाच्या स्थितीचा एक कोड दिलेला असतो, ११ म्हणजे स्वतःचा धंदा करणारा, २१ म्हणजे घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी मदत करणारा, ३१ नियमित पगारी, ५१ रोजंदारी, ९२ म्हणजे फक्त घरकाम, ९३ म्हणजे घरकाम करून शिवाय सरपण, पाणी, शिवणकाम असलं घरासाठीचं काम. आता विचार करा, गोठा सांभाळणारी बाई एका वर्षी ९३ मध्ये लिहिली गेली आणि दुसऱ्या वर्षी २१ मध्ये, तर तिचं आयुष्य तेच राहिलं पण सहभागाचा आकडा वाढला. ग्रामीण महाराष्ट्रात वाढीचा किती भाग २१ मधून आला आणि किती ३१ मधून, हा एवढाच प्रश्न घेऊन उत्तम प्रबंध होतो, त्याला रिग्रेशनही नावापुरतंच लागतं.

फक्त दोन खड्डे. फाईल साध्या टेक्स्टमध्ये येते, आकड्यांची नुसती रांग, कुठला आकडा म्हणजे काय ते वेगळ्या लेआउट फाईलमध्ये असतं, ती उघडल्याशिवाय काहीही कळत नाही, घाबरू नका, एक दिवस जातो मग जमतं. आणि मल्टिप्लायर, म्हणजे डेटात प्रत्येक घराला दिलेलं वजन, लावल्याशिवाय टक्केवारी काढू नका, कारण नमुन्यातलं एक घर प्रत्यक्षात शेकडो हजारो घरांचं प्रतिनिधित्व करतं आणि ते प्रमाण प्रत्येक घराला वेगळं असतं. काम बरोबर चाललंय का ते बघायचा सोपा मार्ग म्हणजे आधी सरकारी अहवालातला एखादा छापील आकडा स्वतःच्या कोडने काढून बघा, जुळला तर पुढे. अजून एक, २०२४ पर्यंतच्या पीएलएफएसचा नमुना जिल्ह्याचे आकडे काढायला आखलेला नव्हता, त्यामुळे "माझ्या जिल्ह्यातली बेरोजगारी" त्यातून काढायला जाऊ नका, राज्य आणि ग्रामीण-शहरी एवढ्यावर राहा.

उपभोग खर्चाच्या सर्व्हेचंही असंच, २०११-१२ नंतरचे पुढचे आकडे थेट २०२२-२३ चे आहेत, मधल्या २०१७-१८ च्या सर्व्हेचे निकाल सरकारने जाहीर केले नाहीत, आणि नव्या सर्व्हेची विचारायची पद्धत बदलली, एकाच घरी तीन वेळा जाऊन वेगवेगळ्या वस्तूंचं विचारलं गेलं. त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून "गरिबी एवढी कमी झाली" असं सरळ म्हणता येत नाही, काळजी घ्यावी लागते.

स्वतः सर्व्हे करायचा मोह सगळ्यांना होतो. गुगल फॉर्म काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकला आणि शंभर उत्तरं आली, याला सर्व्हे म्हणू नका. ते शंभर कोण आहेत हे तुम्हाला माहीत नसतं, आणि जे माहीत असतं ते एवढंच की ते तुमच्या ओळखीतले आहेत. प्रत्यक्ष गावात किंवा वस्तीत जाणार असाल तर एकच गाव घ्या, घरांची यादी करा, त्यातून ठराविक अंतराने घरं निवडा, दहा घरांत प्रश्नावली आधी चालवून बघा, मग मूळ कामाला लागा. "तुमचं महिन्याचं उत्पन्न किती" असं विचारलं तर अंदाजे गोल आकडा मिळतो, त्याऐवजी शेवटचा माल कधी विकला, किती विकला, काय भाव मिळाला, हमाली-तोलाई किती कापली असं एकेक व्यवहार धरून विचारा. परवानगी घ्या, नावं प्रबंधात येणार नाहीत हे सांगा आणि ते पाळा. सांगलीच्या द्राक्षवाल्यांत किंवा भिवंडीच्या यंत्रमागावर जाऊन केलेलं छोटं पण नीट काम सरकारी डेटात न दिसणाऱ्या गोष्टी दाखवतं, म्हणून मी याच्या विरोधात अजिबात नाही, फक्त याला लागणारा वेळ सातव्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच मोजा.

वाचन

वाचन कितीही केलं तरी कमीच वाटतं आणि लिखाण पुढे ढकलायला वाचन हे फार सोज्वळ कारण असतं. गुगल स्कॉलरवर एक चांगला पेपर सापडला की त्याला नंतर कुणी कुणी उद्धृत केलं ते बघा, त्यातून पुढचे मिळतात. इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकलीचे लेख भारतीय विषयांसाठी पहिल्यांदा चाळा. शोधगंगेवर पीएचडीचे प्रबंध फुकट आहेत, दर्जा कमीजास्त आहे पण कुठला डेटा कुणी वापरला ते कळतं. पेपर वाचताना आधी प्रस्तावना, मग थेट टेबलं, मग डेटाचा भाग. पहिल्या वाचनात मधलं गणित सोडून दिलं तरी चालतं. प्रत्येक पेपरवर अर्धं पान: प्रश्न काय, डेटा कुठला, पद्धत कोणती, उत्तर किती, आणि मला काय पटलं नाही. ते शेवटचं महत्त्वाचं, कारण तुमच्या प्रबंधाची जागा तिथूनच सापडते. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरोत, म्हणजे संदर्भ सांभाळायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये, टाकत चला. एआयने दिलेले संदर्भ मूळ पेपर उघडून बघितल्याशिवाय वापरू नका, नसलेले पेपर तो छान नावानिशी देतो.

पद्धत

मुलांना वाटतं मॉडेल जितकं अवघड तितके मार्क जास्त. तसं नसतं. तुमच्या प्रश्नाला पुरेल ती सगळ्यात साधी पद्धत घ्या आणि ती का पुरते ते समजावून सांगा. साध्या ओएलएसमध्ये, म्हणजे सगळ्यात नेहमीच्या रिग्रेशनमध्ये, दोन गोष्टी एकत्र हलताना दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही, हे सगळ्यांना पाठ असतं, पण प्रबंध लिहिताना "परिणाम" हा शब्द कुठेही पडतो.

डिफरन्स इन डिफरन्सेस, म्हणजे धोरण लागू झालेल्या आणि न झालेल्या गटांत आधी-नंतर झालेल्या बदलांची तुलना, सध्या फार चालतं, म्हणून त्यावर एक इशारा. मनरेगा फेब्रुवारी २००६ ला २०० जिल्ह्यांत आली, २००७ ला अजून १३० आणि २००८ ला उरलेल्या ग्रामीण जिल्ह्यांत. आधी आलेले जिल्हे आणि नंतर आलेले जिल्हे यांची तुलना करून मजुरीवरचा परिणाम काढणारे बरेच अभ्यास झालेत. पण पहिले २०० जिल्हे मागास म्हणून निवडले होते, चिठ्ठ्या टाकून नाही, त्यामुळे योजना नसती तरी दोन्ही गटांत मजुरी एकाच वेगाने वाढली असती का, हे आधीच्या वर्षांचा आलेख काढून दाखवावं लागतं. आणि महाराष्ट्रापुरतं बघायचं तर अजून एक गुंता, आपल्याकडे रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळापासूनच चालू होती, तिचा कायदाही १९७७ चा. म्हणजे बिहारमध्ये जी गोष्ट नवीन आली ती इथे पूर्ण नवीन नव्हती. बाहेरचा पेपर उचलून "फॉर महाराष्ट्र" करताना अशी स्थानिक माहितीच कामाला येते, आणि तिथे तुम्ही परदेशातल्या प्रोफेसरपेक्षा पुढे असता.

स्टँडर्ड एरर, म्हणजे आकड्यातल्या अनिश्चिततेचं माप, ज्या पातळीवर धोरण बदललं त्या पातळीवर क्लस्टर करा (गट धरून काढा), जिल्ह्यावर योजना आली तर जिल्ह्यावर. चांदण्या मोजू नका, म्हणजे टेबलात तीन स्टार (निकाल निव्वळ योगायोगाचा नसावा याची खूण) आले का एवढंच बघू नका, आकडा केवढा आहे ते बघा, शंभर रुपये मजुरीवर तीस पैसे फरक असेल तर स्टार असून काय उपयोग. आणि दहा मॉडेलं चालवून त्यातलं एक गोड निघालेलं दाखवायचं, हे करू नका, तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तोच येतो. परिणाम आढळला नाही हेही उत्तर आहे, नीट केलेलं असेल तर त्याला पूर्ण मान मिळतो.

कामाची शिस्त म्हणून एवढंच, मूळ डेटा एका फोल्डरमध्ये, त्याला हात लावायचा नाही, जे काही बदलायचं ते कोडमधून, आणि सगळ्याची एक प्रत ड्राईव्हवर. लॅपटॉप नेमका एप्रिलमध्ये बिघडतो.

लिखाण आणि व्हायवा

लिहायला टेबलांपासून बसा. आधी तुमचे तीन-चार मुख्य आलेख आणि टेबलं पक्की करा, प्रत्येकाखाली हे काय सांगतंय ते साध्या वाक्यांत लिहा, मग डेटा, मग पद्धत, मग आधीचं संशोधन, आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी. पहिल्या दोन पानांत प्रश्न, डेटा आणि उत्तर आलंच पाहिजे, "भारत हा कृषिप्रधान देश आहे" पासून सुरुवात केली की परीक्षक पानं उलटायला लागतो. मराठीत प्रबंध लिहायची मुभा आपल्या विद्यापीठात आहे का ते सुरुवातीला विचारा, असेल आणि तुमचा विचार मराठीत जास्त स्वच्छ चालत असेल तर बिनधास्त मराठीत लिहा.

वाङ्मयचौर्याची तपासणी होते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यावर गेलं की कारवाईच्या पायऱ्या सुरू होतात. पण टक्क्यांच्या मागे लागून शब्द फिरवत बसण्यापेक्षा पेपर बंद करून स्वतःच्या शब्दांत लिहा, मग टक्के आपोआप खाली राहतात.

व्हायवाला स्लाईड कमी ठेवा. प्रश्न, डेटा, एक मुख्य आलेख, एक मुख्य टेबल, मर्यादा. प्रश्न विचारला आणि उत्तर येत नसेल तर "हे मी तपासलं नाही, पण तपासायचं झालं तर असं असं करेन" हे पूर्णपणे चालणारं उत्तर आहे. स्वतःच्या टेबलातला प्रत्येक आकडा मात्र तोंडावर हवा, नमुना किती घरांचा, कुठल्या वर्षाचा, किती ओळी गाळल्या आणि का.

सगळं झाल्यावर पुढच्या अर्जांसाठी शिफारसपत्र लागतं, पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट असो, मुंबईची आयजीआयडीआर (इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था) असो नाहीतर बाहेरचं विद्यापीठ, बऱ्याच ठिकाणी विचारतात. ते मागताना शेवटच्या तारखेच्या निदान तीन आठवडे आधी गाईडला सांगा, सोबत एक पान द्या ज्यात प्रबंधाचा प्रश्न, तुम्ही स्वतः काय केलं, कुठला डेटा साफ केला, कुठल्या ठिकाणी अर्ज करताय आणि प्रत्येकाची शेवटची तारीख लिहिलेली असेल. शिवाय तुमचा डेटा आणि कोडचं फोल्डर गाईडकडे देऊन ठेवा, पुढच्या बॅचमधलं कुणीतरी तिथून पुढे काम करू शकतं आणि सहा महिन्यांनी तुम्हालाच ते परत मागायची वेळ येते.